वजन मले मालूम हाये

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी अनसामावशी तिची पाठ दोनदा थोपटायची. बैलाला गाडीला जुंपण्याआधी थोपटतात, अगदी तसं. मग एका हाताने गुडघा धरून ती सावकाश खाली यायची, आणि खुर्ची कुरकुरली की तिलाच दटावायची, "तू काहून कण्हून राह्यली वं? मी रोज वागवतो हे सारं, तू घडीभर वागव." त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी सांगतो' असंच म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी नगरकडची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कारंजा लाडच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि राहायला खोली शोधत मी मावशीच्या दारात पोचले. हा थोपटण्याचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र खुर्चीवर नव्हे, माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर. तिचं झाकण त्या दिवशी थोडं आत गेलं ते आजही तसंच आहे.

ट्रंकेवर ऐसपैस बसून तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. मी त्या काळी इतकी वाळकी होते की शाळेतल्या मुली मला मागून काडीबाई म्हणत. मावशी म्हणाली, "बाई, तुमच्या घरी खायले भेटत नोतं काय?" मला राग आला. माझा राग चेहऱ्यावर लगेच दिसतो. तो लपवायची कला मला आजतागायत साधलेली नाही. तिने तो पाहिला आणि ती हसली. "राग आला? येऊ द्या. जाड्या बाईले रोज कोनी ना कोनी बोलून जाते. म्या म्हनलं, आज आपन बारक्या बाईले बोलून पाहू, कसं वाट्टे थे." मग उठली, खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत जाऊन गरम भाकर आणि वांग्याचं भरीत घेऊन आली. भाड्याचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं.

मावशीची खाणावळ होती. आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका, बँकेतले दोन-तीन एकटे कारकून आणि एसटीचे एक कंट्रोलर असे आम्ही तिचे नेहमीचे जेवणारे. तिचे यजमान तुळशीरामभाऊ बाजारात मापारी होते. म्हणजे शेतकऱ्याने आणलेलं धान्य, कापूस, गूळ, जे काही येईल ते मोठ्या काट्यावर तोलायचं आणि मोठ्याने पुकारायचं. दिवसभर पुकारून पुकारून त्यांच्या गळ्यातले शब्द बहुधा बाजारातच संपत. घरी ते मुकाट्याने जेवत आणि मुकाट्याने पान लावत. शरीराने मावशीच्या निम्मे. दोघं शेजारी उभे राहिले की गल्लीतली पोरं तोंड दाबून हसत. मावशी त्यांना म्हणायची, "हासा. याहीनं जगाचं वजन केलं, फक्त माह्यं कराची हिंमत नाई झाली."

ती जाड होती हे सांगायला मी कचरणार नाही. तिलाच ते कधी लपवावंसं वाटलं नाही. खायला तिला मनापासून आवडे. कढीगोळ्यांच्या दिवशी ती स्वतःचं ताट सर्वांत शेवटी वाढून घ्यायची आणि दार लोटून, कोणाशी न बोलता, निवांत जेवायची. पण तितकीच ती चपळ होती. पहाटे उठून विहिरीचं पाणी भरायची, पाटा-वरवंट्यावर एकटीने वाटण करायची, आणि नागपंचमीला फेर धरला की आमच्यासारख्या काड्या धापा टाकत बाजूला व्हायच्या, तरी ही आपली गिरक्या घेतच असायची. "वजन हाये तं हाये," ती म्हणायची. "कोनाच्या डोक्यावर ठेवलं काय म्या? माह्यं मीच तं उचलून राह्यली."

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिची पाठ दुखू लागली. आधी तिने ते मनावर घेतलं नाही. मग भाकरी थापताना मधेच हात थांबू लागला. खाली पडलेली वस्तू उचलायची तर ती वाकत नसे. पाठ ताठ ठेवून उकिडवी बसायची आणि मांड्यांवर हात टेकत टेकत उठायची. दिवेलागणीला तिला कणकण यायची, तेव्हा ती चुलीपुढून हलत नसे आणि आम्हाला वाटे, थंडी वाजतेय म्हणून शेकत बसली असेल. फेर धरणारी बाई वाकेनाशी झाली, हे मला बरं दिसेना. मी मागेच लागले, तेव्हा ती डॉक्टरकडे यायला तयार झाली. एका अटीवर, मी बरोबर यायचं. "मी बोलतो थे त्याहीले समजत नाई, अन् थे बोलते थे मले समजत नाई. तुमी मंधात बसा."

गावातले आमचे डॉक्टर भले गृहस्थ होते, हे आधीच सांगून ठेवते. गरिबाकडून पैसे घेत नसत, हात हलका होता, बोलणं गोड. पण त्या सुमारास त्यांनी मुंबईहून एक वजनाचं यंत्र आणलं होतं. पांढरंशुभ्र, उभं राहायचं, वर घड्याळासारखी तबकडी. त्या यंत्रावर त्यांचा असा काही जीव जडला की विंचू चावून आलेल्या माणसालासुद्धा ते आधी त्यावर उभं करीत. आम्ही आत गेलो. मावशीने खुर्ची थोपटली, बसली आणि सुरुवात केली, "डॉक्टरसायेब, पाठीत ना, हितं मंधात..." डॉक्टर हसून म्हणाले, "हो हो, ते बघू. आधी काट्यावर उभ्या राहा पाहू."

मावशी उभी राहिली. काटा भर्रकन गेला आणि थरथरत थांबला. डॉक्टरांनी आकडा मोठ्याने वाचला. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनीही तो ऐकला असणार, कारण कोणीतरी खोकलं. "मावशी," डॉक्टर म्हणाले, "एवढं ओझं घेऊन पाठ दुखणार नाही तर काय होईल?" मग तूप बंद, भात बंद, गोड बंद, तळलेलं बंद आणि उकडलेल्या भाज्या, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. पाठीला त्यांनी हात लावला नाही. मावशीने पुन्हा एकदा तोंड उघडलं होतं, पण तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दुखनं पाठीत अन् विलाज पोटाले. हे तं असं झालं का बैल लंगडला म्हून गाडीवाल्याले उपाशी ठेवा." पण डॉक्टरांचा शब्द तिने मानला. अडचण अशी की घरात चूल एकच होती आणि वेगळा स्वयंपाक करण्याइतकी ताकद पाठीत उरली नव्हती. त्यामुळे मावशीबरोबर सगळी खाणावळच पथ्यावर गेली. एका दिवशी उकडलेला दुधी, दुसऱ्या दिवशी उकडलेली कोबी, तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी. बँकेतले कारकून ताटाकडे अशा नजरेने पाहत की जणू त्यांची बदली झाली आहे. एसटीचे कंट्रोलर शेवटी न राहवून म्हणाले, "मावशी, दुखनं तुमचं, अन् सजा आमाले कायले?" मावशी शांतपणे म्हणाली, "पाठ माह्या एकटीची हाये, पन चूल साऱ्याची हाये." पुढच्या सोमवारी तुळशीरामभाऊंनी न बोलता ठेच्याची वाटी पंगतीत फिरवली, तेव्हा कारकुनांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त मिरचीचं नव्हतं.

दुधी खाऊनही पाठ दुखायची राहीना, म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. तिथे एका मोठ्या डॉक्टरांचं नाव कोणीतरी सांगितलं होतं. या खेपेला मावशीने वाटेतच ठरवून ठेवलं होतं. खोलीत पाय ठेवताच, खुर्ची थोपटायच्याही आधी ती म्हणाली, "वजन मले मालूम हाये. आता दुखनं सांगतो." डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. आणि मंद हसून त्यांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट केलं. मावशीचं वजन झाल्यावर त्यांनी मलाही काट्यावर उभं केलं. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ते म्हणाले, "होईल." मावशीला वजन कमी करायला सांगितलं, मला वाढवायला सांगितलं, आणि कागदावर औषध लिहिलं ते माझ्यासाठी, शक्तीचं टॉनिक.

परतीच्या एसटीत मी रागाने धुमसत होते. मावशी मात्र हसत होती. हसताना पाठीत कळ आली की थांबायची आणि पुन्हा हसायची. "बाई, दुखनं माह्यं, अन् बाटली तुमाले भेटली. त्यानं तुमचं नाव बी नाई इचारलं." थोड्या वेळाने ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माह्यं दुखनं कसं हाये म्हाईत हाये काय? लगनात मोठ्या मानसाच्या मांगं उभं राह्यलेल्या लेकरावानी. फोटोत त्याचं तोंडच येत नाई." टॉनिक गोड होतं. दोघींनी मिळून ते आठवड्यात संपवलं.

त्यानंतर मावशी खरोखरच बारीक होऊ लागली. पथ्य तर तिने केव्हाच सोडलं होतं, कढीगोळे परत आले होते, पण तिच्या ताटात ते तसेच राहू लागले. कढीगोळ्यांच्या दिवशी दार लोटून जेवणारी बाई दार उघडं टाकून नुसती बसून राहायची. कासारीण दारावर आली की एरवी मावशीच्या हातात बांगड्या चढवताना घामाघूम व्हायची. त्या वर्षी बांगड्या आपोआप कोपरापर्यंत गेल्या. कासारीण म्हणाली, "अनसाबाई, नजर लागली वं कोनाची." गल्लीतल्या बाकीच्या बायका मात्र येता-जाता विचारू लागल्या, काय खाता, काय करता, आम्हालाही सांगा.

पाठ आता रात्रंदिवस दुखत होती. आम्ही पुन्हा गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. मावशी स्वतःहून यंत्रावर उभी राहिली, कारण त्यावाचून सुटका नाही हे तिला कळून चुकलं होतं. काटा गेला आणि मागच्यापेक्षा बराच अलीकडे थांबला. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी कंपाउंडरला आत बोलावलं, बाहेरच्या पेशंटांना दारातून सांगितलं, "बघा, याला म्हणतात मनावर घेणं. शाब्बास मावशी." लोकांनीही माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने तर नमस्कार केला. मावशीने पदर सावरला, क्षणभर तिला बरंही वाटलं असावं. आयुष्यात त्या बाबतीत शाबासकी तिला पहिल्यांदाच मिळत होती. पायऱ्या उतरताना तिने माझा खांदा घट्ट धरला. खाली येऊन ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "शाबासकी भेटली बाई. पन दुखनं तं तिथंच हाये." तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्या दिवशी. मला त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटली, पण मावशीला सोडून आत जाता येत नव्हतं.

वाशीमला एक तरुण डॉक्टर नव्याने आलेत, असं कंट्रोलर म्हणाले. मावशी म्हणाली, "आता नाई. तीन वेळा तोलली, चौथ्यांदा काय निंघनार हाये?" तेव्हा तुळशीरामभाऊ पान लावता लावता थांबले आणि म्हणाले, "जा." एवढंच. घरात त्यांचा आवाज इतका क्वचित निघे की कोणाला नाही म्हणायचं सुचलं नाही. आम्ही एसटीने निघालो. शेलूबाजारला गाडी थांबली तेव्हा मी मावशीला भजी आणून दिली. तिने एक भजं तोडलं, बघितलं आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. शेलूबाजारची भजी नाकारणारी अनसामावशी मी पाहीन असं वाटलं नव्हतं. तिथून वाशीमपर्यंत तो पुडा माझ्या मांडीवर तसाच राहिला. मला भीती वाटत होती.

डॉक्टर अगदीच पोरगेलेसे होते. मावशीने सवयीप्रमाणे दारातूनच पुकारलं, "वजन मले मालूम हाये," आणि पदर खोचून काटा शोधू लागली. कोपऱ्यात फरशीवर काट्याच्या आकाराचा पांढुरका चौकोन तेवढा होता. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "काटा बिघडलाय हो. दुरुस्तीला पाठवलाय. आज वजन नाही करता येणार. तुम्हाला होतंय काय ते सांगा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग ती बसली. खुर्ची थोपटायचं विसरली. "डॉक्टरसायेब, पाठीत ना, हितं मंधात..." एवढं म्हणून ती थांबली. आजवर या वाक्यावरच तिला कोणीतरी थांबवलं होतं, त्यामुळे पुढचं वाक्य तिच्याकडे तयारच नव्हतं. डॉक्टर वाट पाहत राहिले. मग हळूहळू एकेक निघालं. वाकता येत नाही. रात्री अंथरूण ओलं होतं घामाने. सांजेला अंग तापतं. जेवण नको वाटतं. हे सगळं मीही पुरतं ऐकलं नव्हतं, आणि मी तर तिच्या घरात राहत होते. डॉक्टरांनी तिला पाठमोरी बसवलं आणि वरून खाली एकेक मणका बोटाने दाबत आले. मधल्या एका मणक्यावर मावशी अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. पाठीचा फोटो काढला. मणक्याचा क्षय होता. अजून थोडे दिवस गेले असते तर पाय लुळे पडले असते, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले.

मावशीला मात्र त्यांनी दुसरं काही सांगितलं, आणि तिच्या लक्षात जन्मभर तेच राहिलं. रोज इंजेक्शन, गोळ्या, कित्येक महिने लाकडी फळीवर उताणं निजून राहायचं. "आणि खायचं. दूध, तूप, अंडी चालत असतील तर अंडी. भरपूर खायचं." मावशी म्हणाली, "पुन्ना एक डाव सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे वळली. "बाई, आयकलं ना? तुमी साक्षी राहा. गावात कोनी माह्यावर इस्वास नाई ठेवनार."

गावात परतल्यावर मी तडक दवाखान्यात गेले आणि तो फोटो आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते मी वाटभर घोकलं होतं, आणि ते काही सौम्य नव्हतं. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "इंजेक्शनसाठी कंपाउंडर रोज घरी येईल. पैशांचं काही बोलू नका." घोकलेलं सगळं मी तसंच परत आणलं. दुसऱ्या दिवसापासून कंपाउंडर नेमाने येऊ लागला, पण डॉक्टर आमच्या गल्लीतून जाईनासे झाले. त्यांची सायकल लांबच्या वाटेने, बाजाराला वळसा घालून जायची. मावशीला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे बिचारा. त्याचं बी वजन कमी होईन तेवढंच."

फळीवर निजून मावशीने खाणावळ चालवली. आम्ही जेवणारेच आता रांधत होतो आणि ती माजघरातून नुसत्या वासावर हुकूम सोडायची. "फोडनी जळून राह्यली. कोन हाये थो, बँकवाला? बँकेत असंच करता काय?" तुळशीरामभाऊ सकाळी बाजारात जाण्यापूर्वी तिला दूध पाजत आणि संध्याकाळी आल्यावर तिच्या उशाशी बसत. काय बोलत होते देव जाणे. आवाज येत असे तो मावशीचाच. हळूहळू ताप गेला. एके दिवशी तिने स्वतःहून कढीगोळे मागितले आणि म्हणाली, दार लोटून घ्या. त्या दिवशी आम्ही सगळे स्वयंपाकघरात एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसलो.

ती भिंत धरून चालू लागली, त्या आठवड्यात तुळशीरामभाऊंनी सर्वांदेखत तोंड उघडलं. वाशीमला पाठवलं त्याच दिवशी त्यांनी देवीला नवस बोलला होता. अनसा बरी होऊन पहिल्यासारखी चालली तर तिच्या भारंभार गूळ वाटीन. हे ऐकून गल्लीत आनंदीआनंद झाला. पण लगेच प्रश्न उभा राहिला, कोणत्या वजनाचा भार? मावशी तोवर पुष्कळच वाळली होती. शेजारच्या किराणावाल्या शेठजींचं म्हणणं पडलं, माल ज्या दिवशी काट्यावर येईल त्या दिवशीचं वजन धरतात. तुळशीरामभाऊ मान हलवून म्हणाले, "नाई. म्या नवस बोलला थो साबूत बाईच्या भरोशावर. नवस बोललो तवा ती अर्धी झाली होती, पन माह्या मनात होती थे सारीच होती." मावशीनेही त्यांचीच बाजू घेतली. "देवीले कमी मापात नाई फसवाचं. मी भरून येतो, मंग तोला."

मग काय विचारता. मावशीचं वजन हे सगळ्या गल्लीचं कार्य होऊन बसलं. कोणी रोडगे आणून दे, कोणी साय, कोणी तुपाची वाटी. पूर्वी तिच्या ताटाकडे बघून नाक मुरडणाऱ्या बायका आता "एवढंसंच काहून घेतलं वं" म्हणून रागावू लागल्या. वाशीमच्या डॉक्टरांचा काटा तोवर दुरुस्त होऊन आला होता. दर खेपेला वजन वाढलेलं पाहून ते खूष होत. कासारीण पुन्हा घामाघूम झाली, तेव्हा मावशीने हात पुढे करून बांगड्या सगळ्यांना दाखवल्या. त्यानंतर मावशी खूप वर्षं जगली आणि गेली ती पिकल्या वयात, चार दिवसांच्या तापाने. पण तिची आठवण काढणारं कोणीही भेटलं की बोलणं वळतं ते गूळतुलेच्या दिवसावर.

अमावास्येला बाजार बंद असतो, म्हणून तोच दिवस धरला. तीन लाकडी बल्ल्यांना टांगलेला मोठा काटा तुळशीरामभाऊंनी पहाटेच धुऊन पुसून ठेवला होता. मावशी हिरवं लुगडं नेसून आली, पारडं दोनदा थोपटलं आणि मांडी घालून बसली. दुसऱ्या पारड्यात भाऊंनी गुळाची पहिली ढेप ठेवली आणि आपल्या बाजारच्या आवाजात पुकारलं, "लाभ." मापारी मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, पहिलं माप शुभ शब्दाने सुरू व्हावं म्हणून. मी तो शब्द बाजारात शंभरदा ऐकला असेन. त्या दिवशी त्यांचा आवाज मधेच चिरकला. मावशी त्यांच्याकडे पाहत होती. मग ढेपा चढत गेल्या, लोक मोजत गेले, मावशीचं पारडं हळूहळू जमिनीवरून सुटू लागलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

शेवटच्या एका भेलीचं, म्हणजे गुळाच्या लहान ढेपेचं, अंतर राहिलं होतं. भाऊंनी ती उचलली, तेवढ्यात मावशीला गर्दीच्या मागे, सायकल धरून उभे असलेले आमचे डॉक्टर दिसले. ते कधी आले कोणी पाहिलं नव्हतं. मावशीने वरूनच हाक मारली, "या, डॉक्टरसायेब, फुडं या. तुमच्या आवडीचं काम चालू हाये. पाहून घ्या, किती भरली थे."

लोक हसले. मीही हसले, आणि तोंडातच हसू थांबवलं, कारण डॉक्टरांनी सायकल कोणाच्या तरी हातात दिली होती आणि ते पुढे येत होते. पारड्यापाशी येऊन त्यांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हलक्या आवाजात ते म्हणाले, "वजन राहू द्या मावशी. पाठ कशी आहे?"

पारडं मंद हलत होतं. मावशीने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "सांगू?"

"सांगा."

आणि तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. भाकरी थापताना पहिली कळ आली ती कुठे आली. सांजेचा ताप. ओलं अंथरूण. कढीगोळे नकोसे झाले तेव्हा मनात काय आलं. "अन् तुमी शाबासकी देल्ली ना, त्या दिवशी मले लय वाईट वाटलं, डॉक्टरसायेब. मले वाटलं, मी मरून राह्यली अन् लोक टाळ्या वाजवून राह्यले." डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. सांगणं काही संपेना. ऊन चढलं, गुळावर माश्या बसू लागल्या, पोरं चुळबुळू लागली. शेवटी एक हमाल भाऊंना म्हणाला, "आबा, टाका ना थे भेली. किती वेळ?"

तुळशीरामभाऊ भेली तशीच हातात धरून उभे होते. त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"थांब," ते म्हणाले. "तिले सांगू दे."